गुळगुळीत केलेला तक्ता

माझ्या मुलीला शाळेची भीती वाटते हे मी जवळजवळ वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "तिला पित्ताचा त्रास आहे" म्हणायची. पित्त म्हटलं की बीदरात पुढचा प्रश्न येत नाही. लोक दोन औषधं सुचवतात, एखादी बाई धने-जिरे भिजवून द्यायला सांगते आणि विषय संपतो. मला तो संपायलाच हवा असायचा.

खरी गोष्ट अशी होती. तिसरीत असताना शाळेच्या व्हॅनमध्ये तिला उलटी झाली. व्हॅन खच्चून भरलेली. पोरांनी नाकं धरली, कुणीतरी तिला एक घाणेरडं नाव ठेवलं आणि ते महिनाभर चाललं. पुढे पोरं विसरली, पण ही विसरली नाही. चौथीत गेल्यावर तिचं पोट रोज सकाळी दुखायला लागलं. खाल्लं तर उलटी होईल म्हणून सकाळी खायचीच नाही. व्हॅन बंद करून मी तिला स्कूटरवर सोडायला लागले, तरी फाटकापाशी आलं की माझ्या ओढणीचं टोक धरून उभी राहायची. रडायची नाही, नुसती थुंकी गिळत राहायची.

"मला न्हाई जायचं. पोट दुखायलंय."

"कामून दुखायलंय? काल तर मस्त खेळायलतीस."

"मला न्हाई माहीत कामून."

डॉक्टरांनी पोट तपासलं, काही निघालं नाही. काही निघालं असतं तर बरं, असं मला वाटलं होतं. मग मला तिचा राग यायला लागला. राग आमच्या कोहिनूर गावच्या घरचा आहे, माहेरून मी दुसरं फारसं काही आणलं नाही. "नाटकं बंद कर" हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं असेल, ते आता आठवायलाही नको वाटतं.

मी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पीएचडी सहा वर्षं रखडलेली. विषय आहे तूर वाळवायच्या टाकीतली गरम हवा. डाळ मिलमध्ये तूर भरडण्याआधी तिला तेल-पाणी लावून वाळवावी लागते. मोठ्या लोखंडी टाकीत खालून गरम हवा सोडतात, पण ती सगळीकडे सारखी पोचत नाही. एका कोपऱ्यात तूर करपते, दुसऱ्यात ओलीच राहते. गुलबर्ग्याच्या एका मिलमधली टाकी मी कॉम्प्युटरवर उभी केली आहे. तिचे बारीक बारीक लाखभर चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात हवेचा वेग किती, दाब किती, उष्णता किती ते काढायचं. अडचण अशी की प्रत्येक चौकोनाचं उत्तर शेजारच्या चौकोनांवर अवलंबून असतं आणि त्यांचं याच्यावर. म्हणून आधी अंदाजानं आकडे भरायचे, मग दुरुस्त करायचे, पुन्हा दुरुस्त करायचे. अशा हजारो फेऱ्या होतात.

यात एक धोका असतो. प्रत्येक फेरीला निघालेली दुरुस्ती जशीच्या तशी घेतली तर आकडे उसळतात. पुढच्या फेरीत आणखी उसळतात आणि बघता बघता टाकीतली तूर सूर्यापेक्षा गरम होऊन बसते. म्हणून आम्ही जुन्या आकड्याचे सत्तर टक्के ठेवतो आणि नव्याचे तीसच घेतो. बादलीत उकळतं पाणी हळूहळू विसणावं, तसं. ही लबाडी नव्हे, साऱ्या जगात चालणारी रीत आहे. अट एकच, की आकडे बदलायचे थांबेपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. मध्येच थांबलात तर आलेख दिसतो छान, पण उत्तर खोटं असतं.

हे मी दरवर्षी वर्गात ठासून सांगते. एका विद्यार्थिनीनं असं मध्येच थांबून रंगीबेरंगी चित्र काढून आणलं, तेव्हा सगळ्या वर्गासमोर तिला म्हणाले, "रंगच भरायचे असतील तर दारात रांगोळी घाल." ती रडत बाहेर गेली. स्टाफरूममध्ये मी हा किस्सा हसत हसत सांगितला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मला पुढे वेळेवर आठवायला हवी होती.

पाचवीच्या सुरुवातीला शाळेनंच मला बोलावलं. घाबरणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक खोली सुरू केली होती. खोली म्हणजे खेळाच्या सामानाची जुनी कोठी. कोपऱ्यात हवा गेलेले फुटबॉल अजून तसेच पडलेले. कन्नड शिकवणाऱ्या एका वयस्क बाई त्यासाठीचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि रोज अर्धा दिवस तिथं बसायच्या. मी नाक वर करूनच गेले. मनात म्हटलं, व्याकरण शिकवणाऱ्या बाईला माझ्या पोरीच्या मनातलं काय कळणार.

बाईंचं माहेर औरादकडचं. मराठी बोलायच्या, पण सूर कन्नड. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. एक, पायऱ्या. प्रार्थनेच्या वेळी मुलीनं त्यांच्याजवळ बसायचं आणि मग वर्गात जायचं. मग अर्धा दिवस वर्गात, मग पूर्ण दिवस. मग जागेवरून वाचायचं. शेवटची पायरी म्हणजे प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर चार ओळी वाचायच्या. दुसरी गोष्ट, तक्ता. रोज फाटकापाशी मुलीला विचारायचं की भीती किती आहे, शून्य ते दहा. ती सांगेल तो आकडा लिहायचा. आकडे उतरून काही आठवडे खालीच राहिले तरच पुढची पायरी.

"ताई, तुम्ही फक्त विचारायचं आन् लिहायचं," बाई म्हणाल्या. "नऊ म्हणाली तर नऊ. समजवायचं न्हाई, भांडायचं न्हाई. आकडा तिचा हाय."

आणि खरंच, दोन महिन्यांत फरक पडला. मुलगी सकाळी अर्धी चपाती खाऊ लागली. घरी येऊन बाईंच्या, म्हणजे तिच्या मिसच्या, गोष्टी सांगू लागली. मी एकदा विचारलं, मिस करतात तरी काय? तर म्हणाली, "काय न्हाई. पोट दुखायलंय म्हणलं की म्हणत्यात, दुखू दे, आपण दोघी बसू." एवढंच. वर्षभरात मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

पण तक्ता मला बघवेना. सोमवारी नऊ, मंगळवारी दोन, मग आठ, मग तीन, मग पुन्हा नऊ. नुसते करवतीचे दात. बाईंनी मला दुसऱ्या एका मुलाचा तक्ता नाव झाकून दाखवला होता, त्यात आकडे जिना उतरावेत तसे उतरले होते. मी विचारलं, आमचं असंच चालणार का?

"असंच असतंय. लेकरू हाय ते."

मला ते पटलं नाही. एका सकाळी ती "दहा" म्हणाली. कारण काय, तर गणिताला बदली शिक्षक येणार होते. मला कॉलेजला उशीर होत होता. एवढ्याशा गोष्टीला दहा? मी सात लिहिलं. तिथून सुरू झालं.

त्या रविवारी मी लॅपटॉपवर तिचे सगळे आकडे एका रकान्यात टाकले आणि शेजारच्या रकान्यात आमचं सूत्र लावलं. जुन्याचे सत्तर टक्के, नव्याचे तीस. करवतीचे दात नाहीसे झाले. काय सुंदर रेघ आली! पुढच्या आठवड्यापासून कागदी तक्त्यावर मी दुसऱ्या रकान्यातले आकडे लिहू लागले. मनाला सांगितलं, रोजची वरखाली म्हणजे गोंगाट आहे, खरा कल यातच दिसतो. नवऱ्याला बसवकल्याणला नोकरी, रोज बसनं जाऊन-येऊन करतात. त्यांनी एकदा खांद्यावरून डोकावून बघितलं आणि थट्टेनं म्हणाले, "आता पोरीलाच घाल की त्या टाकीत, चांगली वाळून निघंल." मी हसले. त्यांना वाटलं मी नुसता हिशेब ठेवते आहे.

सूत्रानं निघणारा आकडा सहाच्या आसपास घुटमळायला लागला. सूत्र प्रामाणिक होतं. ते आणखी खाली येईना, तेव्हा मी तो हातानं खाली ओढला. सहाचे पाच, पाचाचे चार. याला आमच्या शास्त्रात काही नाव नाही. साध्या मराठीत खोटं लिहिणं म्हणतात.

का केलं असं? थिसिसचं ओझं होतं, वेळ नव्हता, ही कारणं मी बराच काळ स्वतःला देत राहिले. खरं कारण मला माहीत होतं. मला माझ्या मुलीची लाज वाटत होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांची पोरं कसल्या ना कसल्या परीक्षांत पहिली येत होती आणि माझी फुटक्या फुटबॉलांच्या खोलीत बसत होती. तिनं तिथून लवकर बाहेर पडावं, एवढंच मला हवं होतं. ती बरी व्हावी यापेक्षा ती बरी दिसावी, याची मला जास्त घाई होती.

त्या आकड्यांवर मधल्या पायऱ्या एकेक करून पार पडल्या. तक्ता बघून बाई खूश झाल्या. "लई चांगलं उतरायलंय, ताई. घ्यायची का शेवटची पायरी?" मी हो म्हणाले. त्या आठवड्यात मुलगी रोज फाटकापाशी नऊ म्हणत होती. एकदा दहा. मी माझ्या कानांनी ऐकलं आणि माझ्या हातानं तीन लिहिलं.

तिच्या वाचनाच्या दिवशी कॉलेजातला पहिला तास सोडून मी शाळेत गेले. फोनवर व्हिडिओ काढायचा होता. सकाळी एअरफोर्सची विमानं गावावर घिरट्या घालतात, ती गेल्याशिवाय माईकवरचं काही ऐकू येत नाही. म्हणून तिला चबुतऱ्यावर तसंच उभं राहावं लागलं. हातात कागद. विमानं गेली. तिनं माईक धरला. शब्द आला नाही, नुसता श्वास ऐकू यायला लागला. सगळ्या मैदानाला तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं मिसकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.

मग तिला उलटी झाली. काही खाल्लेलंच नव्हतं, पाणीच पडलं, कागदावर आणि बुटांवर. पुढच्या रांगेतली पोरं मागे सरली. कुणीतरी हसलं. बाई धावत गेल्या, पदरानं तिचं तोंड पुसलं, तिला कुशीत घेऊन आत नेलं. आयाबाईनं राख आणून टाकली. या सगळ्या वेळात माझा फोन चालूच होता. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता हे वर्गातल्या सगळ्या पालकांच्या ग्रुपवर जाणार. तिचा विचार त्यानंतर आला. त्यानंतरच आला, हे मला लिहायलाच हवं.

मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना बोलावलं. सौम्यपणे म्हणाले, जरा घाई झाली वाटतं. बाई लगेच म्हणाल्या, "चूक माझी हाय, सर. तक्ता बघून मला वाटलं, तयार हाय. मी लेकराकडं बघायला पायजे होतं." मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. तोंड उघडायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी म्हणाले, "जाऊ द्या बाई, होतं कधी कधी."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

त्यानंतर मुलगी शाळेत जायची, पण त्या खोलीत पाऊल टाकेना. बाई वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या, ही मान खाली घालायची. सकाळचं खाणं पुन्हा बंद. आठवडा असाच गेला. एके सकाळी मी तिची वेणी घालत होते. म्हटलं, मिसकडे जात का नाहीस? त्या किती माया करतात तुझ्यावर.

"न्हाई करत. मिसला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मला नऊ हाय म्हणून. तू रोज लिहायलतीस ना. नऊ हाय हे माहीत असून बी मला वर पाठवली."

तिच्या दृष्टीनं हिशेब बरोबर होता. ती रोज खरं सांगत होती, आई ते लिहीत होती, मिस ते वाचत होत्या. तरीही तिला ढकललं गेलं. जगात ज्या एका माणसाजवळ तिचं पोट शांत व्हायचं, ते माणूस मी तिच्यापासून तोडलं होतं. आणि ती मला काहीच म्हणत नव्हती. तिच्या हिशेबात माझी काही चूकच नव्हती.

लगेच गेले असं लिहावंसं वाटतं, पण मी आणखी दोन दिवस गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन बाईंच्या खोलीत गेले. खरे आकडे मी पुसले नव्हते. आमच्या धंद्यात मूळ आकडे कुणी फेकत नाही, तेवढी एकच शिस्त मी पाळली होती. दोन्ही रकाने त्यांच्यासमोर ठेवले.

बाईंनी चष्मा लावला, बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचलं. मग विचारलं, "हे सत्तर-तीस काय हाय?" मी टाकी, चौकोन, फेऱ्या सगळं सांगितलं. इतकं वाईट लेक्चर मी आयुष्यात दिलेलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आज तिला किती भ्या वाटायलंय ते लिहिताना तुम्ही कालचंच जास्त लिहिलं."

"हो."

"आन् हे शेवटचे?"

"ते मनानं लिहिले."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्या चष्मा काढून पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "नऊ वाईट न्हवतं, ताई. नऊ म्हणून बी लेकरू तुमच्या गाडीवर बसत होतं, शाळेत येत होतं. मला कळलं असतं तर मी तिची पाठ थोपटली असती. हे तिला तुम्हीच सांगा. मी न्हाई सांगणार." मुख्याध्यापकांकडे मी त्याच दिवशी गेले. तिथं बोलणं त्यामानानं सोपं गेलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघी उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसलो होतो. मी सांगितलं. मोठे शब्द न वापरता, की तू नऊ म्हणायचीस आणि मी तीन लिहायचे.

"मिसला माहीतच न्हवतं?"

"न्हाई. मी त्यांना खोटं लिहून दिलं."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग अगदी मनापासून विचारलं, "मग मी किती सांगायला पायजे होतं?"

"नऊच. तुझं बरोबर होतं."

"मग तू कामून बदललीस?"

मग तिनंच पुढे विचारलं, "माझी लाज वाटायलती?"

नाही म्हणायला जीभ उचललीच होती. पण तोवर मी तिच्याबद्दल पुरेसं खोटं लिहिलं होतं. "व्हय," म्हणाले. "तवा वाटायलती. आता माझी मलाच वाटायली." दुसरं वाक्य तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती उठली, टरफलं गोळा करून डब्यात टाकली आणि अभ्यासाला बसली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती आपणहून त्या खोलीत गेली. बाईंनी फोन करून सांगितलं, "आली. काय बोलली न्हाई. माझा हात धरून बसली."

या गोष्टीला आता सहा-सात महिने झाले. तक्ता आता ती आणि मिस मिळून भरतात. मला तो दाखवायचा की नाही ते ती ठरवते, आणि ती दाखवत नाही. बाई एवढंच सांगतात, की आकडे अजून उड्या मारतात, कधी सात, कधी आठ. आठ असतानाही ती हात वर करून वाचते. बाईंना त्याचं फार कौतुक आहे. थिसिस मी जमा केला. त्यातला प्रत्येक आलेख मी शेवटपर्यंत फेऱ्या चालवून काढला आहे. पण त्याचा इथं काही उपयोग नाही.

गेल्या सोमवारी फाटकापाशी स्कूटर थांबवली आणि न राहवून विचारलं, "आज किती गं?"

ती खाली उतरली. आधी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. घरापासून तिचे दोन्ही हात माझ्या कमरेला होते. कुर्त्यातूनही ते मला गार आणि ओले लागले होते.

"दोन," ती म्हणाली.

"खरंच?"

"व्हय, दोनच हाय. तू जा, तुला उशीर व्हायलाय." माझ्या दंडावर हलकंच थोपटलं आणि ती आत गेली.

आत गेल्यावर तिनं मिसला आठ सांगितलं असेल. मिसला ती खरं सांगते.